आवक-जावक

काटोल रोडवर संत्र्याचे बगीचे संपले
की उजवा रस्ता एकदम गप्प होतो.
पुढे गारमाळ.
झाड म्हणावं असं काही नाही, एक हिवर, दोन-चार बोरी,
बाकी मांडीभर वाळलेलं गवत
आणि त्यात बसलेले काळे दगड,
रवंथ करणाऱ्या म्हशींसारखे.

फाटकाशी शालिक उइके. टेबल, रजिस्टर,
पानं उडू नयेत म्हणून रजिस्टरवर
एक दगड.
'नाव?'
'कुंदा वैरागडे.'
'काम?'
तीस वर्षं या जिल्ह्याचे नकाशे केले,
सेमिनरी हिल्सच्या हापिसात बसून आणि उन्हात हिंडून.
रकाना तेवढा रुंद नव्हता.
'एक दगड परत करायचाय.'

पेन थांबलं. 'इथून काही नेता येत नाही जी. पान बी नाही.'
'नेलाय आधीच. एक्क्याण्णव साली. तेव्हा फाटक नव्हतं.'

पिशवीतून काढला. मुठीएवढी गार, मधाच्या रंगाची,
आत गोगलगायींचे शंख, काही तांदळाएवढे,
एक मधोमध कापलेला, त्यातला जिना दिसतो.
एवढी वर्षं तो फ्रिजवर होता,
मग कैरीच्या बरणीवर दडपण.
मुलीने एकदा त्याला जेल पेनने डोळे काढले,
एक अजून आहे.

शालिकने भिंग घेतलं, वाकला, बराच वेळ वर आला नाही.
'पाण्यातल्या हायेत या.'
'तळ्यातल्या.'
'इथं? तळं?'
सांगितलं: एक लाव्हा आला, निवला.
मग हजारो वर्षं काहीच झालं नाही.
पाणी साचलं, गोगलगायी आल्या, त्यांच्या पोरी, त्यांच्या नाती.
मग दुसरा लाव्हा आला.
'म्हणजे मधल्या सुट्टीतलं तळं,' तो म्हणाला.
अहवालांत मी लिहीत आले ते नाव
इतकं नेमकं कधीच नव्हतं.

तो पुढे, मी मागे. 'पाहून पाय ठेवजा.'
एका खडकावर सरड्याने गळ्याचा पंखा उघडला,
निळा, काळा, लाल,
आणि मिटला, जसं काही बोललोच नाही.
खोकडाचं बीळ, दारात उंदराची शेपटी.
मला नाला सापडेना. तो लाल पट्टा,
खालच्या आणि वरच्या काळ्याच्या मधला, भाजलेल्या विटेचा,
तो होता ना इथेच?
माळ तोच होता. माझे गुडघे नवे होते.

शेवटी एका उघड्या जागी वाकले, ठेवणार,
तोच त्याने कोपर धरलं.
'तिथं नको.'
मला काही दिसलं नाही. मुरूम, खडे.
'पाहा.'
मग दिसली: दोन अंडी, खड्यांच्या रंगाची,
खड्यांच्याच ठिपक्यांची, घरटं नाही, काडी नाही.
दूरवर धाविक तीन पावलं पळत,
थांबत, मान ताठ करत.
दगड ओळखण्याचा पगार घेतला मी आयुष्यभर,
आणि यांना दगड समजले.

पुढे नाला लागला. हाच का, माहीत नाही.
लाल पट्ट्याखाली ठेवला. शोभला नाही.
हातांनी फार गुळगुळीत झाला होता,
सासरहून आलेल्या मुलीसारखा, जरा पाहुणाच.
डोळ्याची बाजू खाली केली.

परत फाटकाशी. 'आवक,' तो बोलत लिहीत गेला,
'दगड एक, शंखवाला. जावक...'
माझ्या पायांकडे नजर गेली.
सलवारभर कुसळं, मोजे तर साळिंदर झालेले.
त्याने थोडा विचार केला.
'निरंक,' लिहिलं, आणि सही माझ्यापुढे सरकवली.

गाडीत बसून एकेक उपटत राहिले,
खिडकीतून त्याच मातीवर टाकत.
एक राहिलंच कुठेतरी.
क्लच दाबला की टोचायचं,
पार फुटाळ्याचं पाणी दिसेपर्यंत.